मालगाडीचा मालक बदलतो तेव्हा

२०२५ च्या जुलैअखेरची गोष्ट. दुपारची वेळ, ग्राहकी थंड. आमचा पुतण्या गल्ल्यावर बसून मोबाईलवर इंग्रजी बातम्या वाचत होता. तो म्हणाला, "चाचा, अमेरिकेत एक रेल्वे कंपनी दुसरीला विकत घेतेय. पंच्याऐंशी अब्ज डॉलरचा सौदा आहे." शेजारचे भुसार व्यापारी चहाला आले होते. ते हसून म्हणाले, "भाई, त्यांची रेल्वे विकली काय अन् राहिली काय, नंदुरबारात मिरचीचा भाव त्याने बदलणार आहे का?"

गोष्ट हसण्यावारी गेली. पण आम्ही रात्री विचार करीत राहिलो. वास्तविक ज्या रुळांच्या आधारावर नंदुरबारची पेठ वाढली, ते रूळ एका खाजगी कंपनीनेच टाकले होते. त्या कंपनीचेही विलीनीकरण झाले. उर्दूत ज्याला इन्झिमाम म्हणतात, तेच हे. आमच्या गावाने हा प्रकार अमेरिकेआधी पाहिलेला आहे, फक्त आम्ही तो विसरलो. व्यापारी आणि कारागीर बांधवांना यातून काही शिकता येते असे वाटल्याने हा लेख लिहीत आहोत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी आम्ही बाजारात शिकलो. भाषेत काही उणे दिसल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबारवरून जात असे. १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर थॉमस रो याच वाटेने बुऱ्हाणपुरास गेला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए या वाटेने गेला आणि त्याने नवापूरच्या विणकरांची व तिथल्या तांदळाची नोंद केली. म्हणजे कापड आणि ही वाट यांचे नाते आजचे नाही. तेव्हा माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर जाई. घाट, जंगल आणि पावसाळा हे तिन्ही आडवे येत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनी' निघाली. सुरतेपासून अमळनेरपर्यंत सुमारे १५५ मैलांचा ब्रॉडगेज मार्ग तिने टाकला आणि १९०० पर्यंत तो सुरू झाला. अमळनेरपासून जळगावचा तुकडा जी.आय.पी. रेल्वेचा होता. खानदेशचा कापूस हा या मार्गाचा मुख्य माल.

येथे एक बाब नीट समजून घेण्यासारखी आहे. ताप्ती व्हॅली कंपनी भागधारकांच्या मालकीची होती. तिचा कारभार मुंबईची किलिक निक्सन ही पेढी मॅनेजिंग एजंट म्हणून पाहत असे. गाड्या मात्र प्रत्यक्षात बी.बी. अँड सी.आय. रेल्वे चालवीत असे. मालक एक, कारभारी दुसरा आणि चालवणारा तिसरा. नंदुरबारच्या धक्क्यावर कापसाची गाठ भिजली तर आडत्याने कोणाकडे जायचे? ज्याच्या नावाची बिल्टी त्याच्याकडे. आजही उत्तर तेच आहे, आणि आजही बहुतेक व्यापारी बिल्टीवरचे नाव वाचत नाहीत. या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येऊ, कारण त्यात आमचे स्वतःचे नुकसान झालेले आहे.

दुसरी बाब स्पर्धेची. खानदेशच्या कापसाला मुंबई गाठण्यास दोन वाटा झाल्या. एक जळगावकडून जी.आय.पी.ची, दुसरी सुरतेकडून बी.बी. अँड सी.आय.ची. ज्या गावाला दोन वाटा, त्या गावाला भाव करण्याची ताकद. ज्याला एकच वाट, त्याला जो दर सांगितला तो मुकाट्याने द्यावा लागतो. नंदुरबार खुद्द एकाच मार्गावर होते, तरी माल पूर्वेकडे न्यावा की पश्चिमेकडे हा पर्याय व्यापाऱ्याच्या हाती होता.

पुढे सरकारने एकेक कंपनी ताब्यात घेण्यास सुरुवात केली. जी.आय.पी. १९२५ मध्ये गेली. बी.बी. अँड सी.आय.चा कारभार १९४२ च्या आरंभी सरकारकडे आला आणि त्याच वर्षी ताप्ती व्हॅलीही सरकारने घेऊन तिच्यात मिळवली. स्वातंत्र्यानंतर ५ नोव्हेंबर १९५१ रोजी बी.बी. अँड सी.आय. आणि काही संस्थानी रेल्वे मिळून पश्चिम रेल्वे झाली, तर जी.आय.पी., निजाम स्टेट वगैरे मिळून मध्य रेल्वे झाली. आमचा मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात गेला. जळगाव मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात राहिले. त्यामुळे खानदेशातल्या व्यापाऱ्याची एक तक्रार मुंबई सेंट्रलला जाते आणि दुसरी भुसावळला. भरीस भर, १९६० मध्ये राज्ये वेगळी झाल्यावर नवापूर स्टेशनच्या मधून सीमा गेली, अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. लोक तिथे फोटो काढतात. व्यापाऱ्याने मात्र त्यावरून इतके ओळखावे की रेल्वेची हद्द, राज्याची हद्द आणि बाजाराची हद्द या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता प्रश्न असा की विलीनीकरणाने आमच्या मार्गाचे भले झाले की वाईट? याचे उत्तर शोधायचे तर विदर्भात जावे लागते. त्याच किलिक निक्सन पेढीच्या कारभाराखाली 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी' होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी तिची नॅरोगेज गाडी होती. लोक तिला प्रेमाने शकुंतला म्हणतात. तीही कापसासाठीच काढलेली. पण १९५१ च्या विलीनीकरणात ती मालकीने सरकारात गेली नाही. मालक कंपनीच राहिली, गाड्या मध्य रेल्वेने चालवल्या आणि करार मुदतीमागून मुदत वाढत गेला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले, त्यानंतर डिझेल आले. रूळ आपले नाहीत म्हणून सरकार पैसा घालीना, आणि उत्पन्न नाही म्हणून कंपनी घालीना. कापूस ट्रकवर गेला. पुढे गाडीही बंद पडली.

ताप्ती व्हॅलीचे तसे झाले नाही. उधना ते जळगाव सुमारे ३०७ किलोमीटरचे दुपदरीकरण व विद्युतीकरण पुरे झाले आणि १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ते देशाला अर्पण केले. आज आमच्या स्टेशनवरून कोळशाच्या आणि कंटेनरच्या लांबच लांब गाड्या जाताना दिसतात. हे सर्व खरे. पण हिशेब पुरा मांडायचा तर १९४२ पासून २०१९ पर्यंतची वर्षेही मोजली पाहिजेत. ती सत्याहत्तर होतात. एवढा काळ हा मार्ग एकेरीच होता. मोठ्या घरात गेलेली लहान कंपनी उपाशी मरत नाही, पण ताट वाढण्याची तिची पाळी फार उशिरा येते. आमच्या मते हा दोष विलीनीकरणाचा नाही, मागणी करणारा कोणी जोरदार नव्हता याचा आहे. याबाबत कोणाचे मत वेगळे असू शकते.

आता छोट्या व्यापाऱ्याचे काय झाले ते पाहू. आम्ही लहान असताना आमचे अब्बा सुरतेहून कापडाच्या दोन-तीन गाठी मालगाडीने मागवीत. गाठीवर काळ्या शाईने मार्का असे. बिल्टी आली की अब्बा आम्हाला सोबत घेऊन मालधक्क्यावर जात. एकाच वाघिणीत आमच्या दोन गाठी, कोणाची लोखंडी कढई, कोणाच्या साबणाच्या पेट्या, असा पाच-पन्नास लोकांचा सुटा माल असायचा. वेळ लागे, उंदीर लागे, कधी गाठ शेजारच्या स्टेशनवर उतरे. तरीही दोन गाठींच्या व्यापाऱ्याला रेल्वेत जागा होती.

ऐंशीच्या दशकात रेल्वेने असा सुटा माल घेणे हळूहळू बंद केले. पुढे एक-दोन वाघिणींचा मालही नकोसा झाला आणि पुरी गाडी भरेल असा कोळसा, सिमेंट, खत, धान्य यांवर भर आला. रेल्वेच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता. एका जागी भरून एका जागी रिकामी होणारी गाडी स्वस्त पडते. पण हा निर्णय झाला तेव्हा ना मालक बदलला होता, ना कंपनी विकली गेली होती. पाटी तीच, रंग तोच आणि छोट्या व्यापाऱ्याचे दार बंद. १९५०-५१ मध्ये देशाच्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८९ टक्क्यांच्या आसपास होता, तो घसरत पाव हिश्श्याच्या जवळ आला. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य सरकारने राष्ट्रीय रेल्वे योजनेत ठेवले आहे. दरम्यान आम्ही सर्वजण ट्रान्सपोर्टवाल्यांकडे गेलो.

ट्रान्सपोर्टमध्येही इन्झिमाम होतोच. सुरतेची एक ट्रान्सपोर्ट पेढी वीस वर्षे आमचा माल आणत होती. तिचे शेठ आम्हाला आवाजावरून ओळखत. २०१४ च्या उन्हाळ्यात त्यांनी धंदा एका मोठ्या कंपनीला दिला. आम्हाला फोनवर सांगितले, "भाईजान, फक्त नाव बदललेय, माणसे तीच आहेत." आम्ही विश्वास ठेवला. रमजानच्या पहिल्या आठवड्यात अकरा गाठी बुक केल्या. ईद २९ जुलैला होती. नव्या मालकांनी बाजारालगतचे जुने गोदाम बंद करून शहराबाहेर मोठे गोदाम काढले होते, आणि आमच्या बाजूचा सगळा माल आधी धुळ्याला उतरवून मग नंदुरबारला फिरवण्याची पद्धत आणली होती. कागदावर ती स्वस्त असेल. आमच्या आठ गाठी ईदच्या चार दिवस आधी आल्या. तीन गाठी ईद होऊन गेल्यावर आल्या, त्याही पावसाने डागलेल्या. त्यात मुलींचे ड्रेस मटेरियल होते. ईदनंतर ते कोण घेणार?

नव्या कंपनीत विचारले तर तिथला कारकून म्हणाला, "चाचा, मालिक बदल गया, ये बिल्टी पुराने नाम की है." जुन्या शेठजींना विचारले तर ते म्हणाले, देणे-घेणे सगळे विक्रीत गेले. तोंडी आश्वासनांवर आम्ही फेब्रुवारीपर्यंत थांबलो. मग वकिलाकडे गेलो, तेव्हा कळले की मुदत संपली. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याप्रमाणे माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर दावाच चालत नाही. पन्नास-साठ हजारांचे नुकसान आम्ही आमच्या आळसाने आणि मुरवतीने पदरात घेतले. मुरवत घरात ठेवावी आणि बिल्टीच्या बाबतीत कागद करावा, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

रेल्वेने माल पाठवणाऱ्यासही असाच नियम आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत लेखी मागणी करावी लागते. दाद रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे मागायची. माल बुक करताना किंमत जाहीर केली नाही आणि जादा आकार भरला नाही, तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे ठरावीक रकमेपुरती राहते. साध्या मालास ती ५० रुपये ठरवलेली होती. जरीच्या किंवा भरतकामाच्या मालाला हे किती अपुरे आहे ते कारागीर बांधव जाणतातच.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे रेल्वे सरकारची नाही, कंपन्यांची आहे. १९८० च्या कायद्याने त्यांना दर ठरवण्याची मोकळीक मिळाली आणि नंतर एकामागून एक कंपन्या एकत्र होत गेल्या. १९८० मध्ये पहिल्या वर्गाच्या कंपन्या चाळीसच्या आसपास होत्या. २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न एक झाल्यावर सहाच राहिल्या. विलीनीकरणास परवानगी देणारे 'सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड' नावाचे मंडळ आहे. ग्राहक व्यापारी त्याच्यापुढे जाऊन हरकत घेऊ शकतात.

यातला सर्वांत मोठा धडा १९९६ चा आहे. युनियन पॅसिफिकने सदर्न पॅसिफिक ही कंपनी घेतली. दोन्हींचे संगणक वेगळे, कामाच्या पद्धती वेगळ्या आणि खर्च वाचवण्याची घाई. १९९७ मध्ये टेक्सासच्या ह्यूस्टन शहराभोवती गाड्या अडकू लागल्या. यार्ड भरले, इंजिने व माणसे अपुरी पडली, आणि ती कोंडी १९९८ पर्यंत पुरली. कारखान्यांना कच्चा माल वेळेवर मिळेना. अखेर ऑक्टोबर १९९७ मध्ये त्या मंडळाला तातडीचा हुकूम काढावा लागला. आमच्या तीन गाठी आणि ह्यूस्टनच्या हजारो वाघिणी यांत आकाराचा फरक आहे, रोग एकच आहे. जुने गोदाम बंद करण्याची घाई आणि नवी वाट तयार नाही.

मालक तोच राहून नुसता मुख्य माणूस बदलला तरी किती फरक पडतो, याचे उदाहरण हंटर हॅरिसन यांचे आहे. मेम्फिसच्या यार्डात डब्यांना तेल घालण्याच्या कामापासून सुरुवात करून ते एकामागून एक चार मोठ्या रेल्वेंचे प्रमुख झाले. गाड्या ठरलेल्या वेळेला सोडायच्या, कमी इंजिने, कमी यार्ड, कमी माणसे, अशी त्यांची पद्धत होती. भागधारक खूश असत. मार्च २०१७ मध्ये ते सी.एस.एक्स. कंपनीत आले आणि त्यांनी थोड्याच महिन्यांत यार्डांची रचना बदलून टाकली. त्या उन्हाळ्यात ग्राहकांच्या तक्रारींचा पूर आला आणि ऑक्टोबरमध्ये मंडळाने सुनावणी घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये हॅरिसन वारले. त्यांची पद्धत मात्र बहुतेक कंपन्यांनी उचलली. हा माणूस कामाचा होता यात शंका नाही. पण त्याने ज्यांचे समाधान केले ते शेअर धरणारे होते, माल पाठवणारे नव्हते.

२०२५ च्या सौद्यामागेही आधी माणसे बदलली, हे लक्षात घ्यावे. युनियन पॅसिफिकवर एका गुंतवणूक फंडाने दबाव आणला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जिम व्हेना प्रमुख झाले. ते हॅरिसन यांच्याच तालमीतले. नॉरफोक सदर्नवर ओहायोतील फेब्रुवारी २०२३ च्या अपघातानंतर संकट आले. २०२४ मध्ये दुसऱ्या एका फंडाने तिच्या संचालक मंडळात तीन जागा जिंकल्या, आणि सप्टेंबरमध्ये प्रमुख बदलून मार्क जॉर्ज आले. २९ जुलै २०२५ रोजी पहिलीने दुसरीला घेण्याचे जाहीर केले. लगेच बाजारात कुजबुज सुरू झाली की आता सी.एस.एक्स. कोणाबरोबर जाणार? त्या कंपनीचे प्रमुखही सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले गेले. आमच्या कापड बाजारातही असेच चालते. एखाद्या पेढीचा जुना मुनीम गेला आणि नवा माणूस गादीवर बसला, की दलाल महिन्याभरात विचारू लागतात, दुकान कोण घेतोय?

आपल्याकडे नुसत्या अफवेचाही परिणाम होतो. कंटेनर कॉर्पोरेशन, म्हणजे कॉनकॉर, ही १९८८ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी. नोव्हेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने तिच्यातला ३०.८ टक्के हिस्सा कारभारासह विकण्याचे ठरवले. कोण घेणार याच्या चर्चा वर्षानुवर्षे चालल्या. दरम्यान रेल्वेच्या जमिनीच्या भाड्याची पद्धत बदलली, कंपनीने काही टर्मिनल परत केली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने भाड्याचा दर खाली आणला. विकणार, विकणार म्हणत असताना माल भरण्याची जागाच हलते. व्यापाऱ्याने भाव शेअरचा पाहू नये, जागेचा पाहावा.

दुसरे उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९० मध्ये केंद्र आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ यांनी मिळून ती वेगळी कंपनी काढली. ई. श्रीधरन पहिले प्रमुख होते आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के. १९९९ मध्ये याच कंपनीने मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवून कोलाड ते वेर्णा नेण्याची सेवा काढली. व्यापाऱ्याचा माल मधे उतरवावा लागत नाही, घाटाचे डिझेल वाचते. मोठ्या रेल्वेने ज्याला हात लावला नसता असे काम लहान कंपनीने केले. पण दुपदरीकरणाला लागणारा पैसा लहान कंपनीकडे नाही. म्हणून तिला भारतीय रेल्वेत मिळवण्याची मागणी झाली आणि मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने संमती कळवली. 'कोकण रेल्वे' हे नाव राहावे आणि राज्याने घातलेले जवळपास चारशे कोटी परत मिळावेत, अशा अटी घातल्या. नावाची अट घातली हे चांगलेच. पण ट्रकांच्या त्या सेवेचे वेळापत्रक आणि दर टिकवण्याची अटही कोकणच्या व्यापाऱ्यांनी मागायला हवी. नाव फलकावर राहते, माल वेळापत्रकाने जातो. शिवाय ताप्ती व्हॅलीची सत्याहत्तर वर्षे त्यांना कोणी तरी सांगितली पाहिजेत.

अमेरिकेसारखे हरकत ऐकणारे मंडळ आपल्याकडे नाही. दरांच्या तक्रारीसाठी रेल्वे दर न्यायाधिकरण होते. २०१७ च्या वित्त कायद्याने तेही दावा न्यायाधिकरणात विलीन झाले. राहते ती सल्लागार समिती. प्रत्येक विभागाला रेल्वे उपभोक्त्यांची एक सल्लागार समिती असते आणि व्यापारी संघटनांचे प्रतिनिधी तिच्यावर घेतले जातात. आमच्या पेठेतल्या किती लोकांनी आपला प्रतिनिधी कोण हे विचारले आहे? आम्हीही अलीकडेच विचारले. विभागाचे व्यवस्थापक साधारण दोन वर्षांत बदलतात. साहेबांशी ओळख करून काम होते असे मानणाऱ्याची मेहनत दर दोन वर्षांनी वाया जाते. तारखेसह दिलेला अर्ज आणि त्याची पोच मात्र पुढच्या साहेबाच्या टेबलावरही राहते.

आमच्या पेढीत आता एक वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक बिल्टीवरचे पूर्ण नाव, बुकिंगची तारीख आणि त्यापुढे १८० वा दिवस लिहिला जातो. ट्रान्सपोर्टवाल्याने मालक बदलल्याचे सांगितले की आम्ही तीन गोष्टी लेखी मागतो: जुन्या बिल्ट्यांची जबाबदारी कोणाची, गोदाम कोठे राहणार, आणि माल सरळ येणार की फिरून येणार. दोघांनी लिहून दिले. एकाने टाळले, त्याच्याकडून आम्ही सणाचा माल मागवीत नाही.

रेल्वेचाही विचार पुन्हा सुरू केला आहे. प्रवासी गाडीच्या डब्यातली पार्सलची जागा रेल्वे ठेकेदारांना कराराने देते, आणि त्यात आमच्यासारख्यांचा सुटा माल बसू शकतो. एकट्याच्या चार गाठींना कोणी विचारत नाही. म्हणून कापडाचे तीन, होजियरीचा एक आणि चपलांचा एक असे पाच जण मिळून आठवड्याला एकदा एकत्र माल मागवण्याचे बोलणे चालू आहे. भुसारवाले शेजारी, जे त्या दिवशी हसले होते, त्यांनी परवा विचारले की परतीच्या फेरीत मिरचीची पोती चालतील का. चालतील, पण वास कापडाला लागू नये म्हणून वेगळ्या दिवशी भरावी लागतील, असे आम्ही त्यांना सांगितले आहे.